मदत हवी आहे : 'आमच्या रक्तातच आहे' म्हणणाऱ्या घरच्यांना कसे समजवावे?

नमस्कार. माझ्या १५ वर्षांच्या भाचीने स्वतःला इजा करून घेतल्याचे वहिनीच्या लक्षात आले. आता मानसोपचारतज्ज्ञांचे उपचार सुरू आहेत आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही तिच्याजवळ आहे. मला मदत हवी आहे ती घरच्यांबाबत.

आमचे एक काका आत्महत्येने गेले. त्यामुळे 'हे आमच्या रक्तातच आहे' असे दादा आणि आई म्हणतात आणि विषय तिथेच मिटवतात. त्याच घरात, सराव परीक्षेत ८८ टक्के मिळाले तेव्हा ताटावर बसलेल्या पोरीला 'उरलेले १२ कुठे सांडलेस?' असे दादाने विचारले. ती रडू लागली तर 'नाटकं पुरे' म्हणत आईने तिच्याशी आठवडाभर अबोला धरला. तिच्यावर कोणी कधी हात उगारला नाही, आणि बहुधा म्हणूनच याला छळ म्हणायला कोणी तयार नाही.

आनुवंशिकतेचा वाटा मी नाकारत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून आत्महत्येशी निगडित वर्तनासाठी तो साधारण ३० ते ५५ टक्के निघतो. पण हा आकडा मोठ्या समूहातील माणसामाणसांमधल्या फरकांविषयी असतो, एखाद्या मुलीचे दुखणे किती टक्के रक्तातून आले हे त्यावरून सांगता येत नाही. २००३ मध्ये न्यूझीलंडमधील डनेडिनच्या अभ्यासाने नैराश्यासंदर्भात, सेरोटोनिन या मेंदूतील रसायनाशी संबंधित एका जनुकाकडे बोट दाखवले होते. २०१९ मध्ये फार मोठ्या नमुन्यांवर तपासले असता नैराश्यासाठी अशा नावाजलेल्या जनुकांना आधार मिळाला नाही. आता असंख्य जनुकांचा बारीक बारीक वाटा मानला जातो. शिवाय जे आईवडील जनुके देतात तेच घरही देतात, त्यामुळे दोन्हींचा गुंता सहज सुटत नाही. तरीही, जुळ्यांपैकी एकानेच बालपणी छळ सोसला अशा जोड्यांत त्या भावंडाला पुढे मानसिक आजाराचा धोका अधिक आढळतो, हे मला फार मोलाचे वाटते. रक्तातून आलेला धोका खरा असेल, तर अशा मुलीला बोलताना आपण अधिकच जपायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

दादा वाईट माणूस नाही. आमचे बाबा त्याच्याशी असेच बोलत. दोष दिला की तो उठून जातो. त्याला हे कोणत्या शब्दांत सांगावे, विशेषतः आईसमोर? कोणाच्या घरी असा बदल झाला असेल, तर सुरुवात कशाने झाली? भाचीच्या डॉक्टरांनी त्याला एकट्याला भेटणे योग्य ठरेल, की सगळ्यांनी एकत्र बसावे? दादर ते अंधेरी या भागात मराठीतून कौटुंबिक समुपदेशन करणारे, संध्याकाळी सातनंतरची किंवा रविवारची वेळ देणारे कोणी माहीत असल्यास कृपया कळवावे. दादा फोर्टहून त्याआधी पार्ल्याला पोहोचत नाही.