बैर-शेबा : सातांची विहीर की शपथेची?

धागाकर्ता
मराठी बायबलमधील 'बैर-शेबा' या गावाच्या नावाचा अर्थ 'सात विहिरी' असा सांगितलेला मी अनेकदा ऐकला आहे आणि तो मला मान्य नाही. 'बेएर' म्हणजे एक विहीर. सात विहिरी म्हणायच्या असत्या, तर हिब्रूत 'बेएरोत' हे अनेकवचन आले असते. बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात गरारचा राजा अबीमलेख याच्या चाकरांनी बळकावलेल्या विहिरीबद्दल अब्राहाम तक्रार करतो, दोघांमध्ये करार होतो आणि ३१व्या वचनात नावाचे कारण स्वच्छ दिले आहे : तेथे त्या दोघांनी शपथ वाहिली. प्राचीन ग्रीक भाषांतरातही 'शपथेची विहीर' असेच आहे. तेव्हा मराठीत तळटीप द्यायची, तर ती हीच असावी.

प्रतिसाद १
तीन वचने मागे जाऊन वाचावे, ही विनंती. अब्राहाम कळपातून सात कोकरे वेगळी काढतो, अबीमलेख त्यांचे कारण विचारतो, आणि ही विहीर मी खणली याची साक्ष म्हणून ती स्वीकार, असे उत्तर त्याला मिळते. 'शेवा' ही हिब्रूतील सात ही संख्या आहे. शपथेला 'शेवुआ' हा वेगळा शब्द आहे. नावात 'शेवुआ' नाही, 'शेवा' आहे. अनेकवचनाबद्दलचे आपले म्हणणे बरोबर असले, तरी त्यावरून 'सातांची विहीर' हा अर्थ बाद होत नाही.

धागाकर्ता
शब्द वेगळे असले, तरी मूळ हिब्रू अक्षरे तीच आहेत : शिन (श), बेत (ब किंवा व), आयिन. शपथ वाहण्याचे क्रियापदही त्यांतूनच येते. कोकरे हा पुरावा आणि शपथ हा करार. गावाचे नाव करारावरून पडले, असे लेखक स्वतः सांगत असताना आपण पुराव्याला का धरून बसावे?

प्रतिसाद २
दोघेही एक गोष्ट गृहीत धरत आहात, ती म्हणजे कथेतून नाव निघाले. मला क्रम उलटा वाटतो. २६व्या अध्यायात अब्राहामाचा मुलगा इसहाक याच्या चाकरांना पाणी लागते, तो विहिरीचे नाव 'शिबा' ठेवतो आणि गावाच्या नावाचे कारण दुसऱ्यांदा सांगितले जाते. एकाच नावाचे दोनदा बारसे होते, तेव्हा नाव आधीपासून प्रचलित होते आणि कथा मागाहून जुळवल्या, असेच मानावे लागते. याच ठिकाणी जेरोम या प्राचीन ख्रिस्ती विद्वानाच्या लॅटिन भाषांतरात तिसराच अर्थ आहे : 'विपुलता'. हिब्रूत ठिपका उजवीकडे दिला की 'श' आणि डावीकडे दिला की 'स' होतो. जुन्या पोथ्यांत ठिपकेच नव्हते, त्यामुळे त्याने तो शब्द 'स' धरून वाचलेला दिसतो. एका ठिपक्याने शपथेची समृद्धी होते. अरबीत तर 'बीर अस्-सबा' हे नाव सिंहाची विहीर असेही वाचता येते. अशा नावाचा एकच खरा अर्थ शोधणे मला व्यर्थ वाटते.

प्रतिसाद ३
थोडे अवांतर. या शहरात स्थायिक झालेल्या मराठी बेने इस्राएल (ज्यू) कुटुंबांच्या तोंडी नाव 'बेर-शेवा' असते. आपल्या छापील 'शेबा'मुळे 'सात' झाकला जातो.

धागाकर्ता
प्रतिसाद २मधील क्रम मी मान्य करतो, व्यर्थपणा मान्य करत नाही. त्याच २६व्या अध्यायात इसहाकाच्या आधीच्या तीन विहिरींची नावे पाहावीत : 'एसेक' म्हणजे भांडण, 'सितना' म्हणजे वैर, आणि जिच्यावरून कोणी भांडले नाही ती 'रहोबोथ', म्हणजे ऐसपैस जागा. नेगेव या दक्षिण इस्राएलच्या कोरड्या प्रदेशात विहिरीचे नाव म्हणजे पाण्याच्या हक्काचा सातबाराच होता (येथेही सात आलाच). तेल बैर-शेबा या प्राचीन वस्तीच्या टेकाडाच्या उत्खननात वेशीजवळ सापडलेली विहीर सुमारे ६९ मीटर खोल आहे. ती अब्राहामाची आहे, असे मी म्हणत नाही, पण एवढे खणल्यावर मालकीसाठी साक्ष आणि शपथ दोन्ही लागणार, हे उघड आहे. तळटीपेत मी आता 'शपथेची विहीर' आधी आणि 'सातांची विहीर' नंतर, असे दोन्ही अर्थ देईन. 'सात विहिरी' मात्र देणार नाही.

प्रतिसाद १
क्रम उलटा हवा, एवढीच माझी हरकत शिल्लक आहे.