क्राकोआत मरण स्वस्त झालं आणि एक्स-मेनची गोष्ट पातळ झाली. पटतंय का?

गोदाकाठ

परवा रविवारी गंगापूर रोडवर चहाला बसलो असताना आमच्या चौघांत वाद पेटला, तो रात्री घरी पोचल्यावरही फोनवर चालू होता. लेखक जोनाथन हिकमनने २०१९ मध्ये मार्व्हल कॉमिक्समधल्या एक्स-मेनना, म्हणजे जन्मजात शक्ती असलेल्या म्युटंट मंडळींच्या संघाला, क्राकोआ बेटावर नेलं आणि मेलेल्यांना परत आणायची कायमची सोय लावून दिली. त्याने गोष्टीचं भलं झालं की वाटोळं? तिथे मी एकटा पडलो, म्हणून इथे सविस्तर मांडतो.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पाच म्युटंट आपापल्या शक्ती एकत्र करून नवं शरीर घडवतात. सेरेब्रो या यंत्रात साठवून ठेवलेलं मन संघाचा संस्थापक प्रोफेसर एक्स त्यात घालतो. मेलेला माणूस उठून बाहेर येतो.

आता १९८० कडे चला. लेखक क्रिस क्लेअरमाँट आणि चित्रकार जॉन बर्न यांचा एक्स-मेनचा १३७ वा अंक. जीन ग्रेने डार्क फिनिक्स होऊन एक तारा गिळलाय आणि त्याच्या ग्रहावरचे पाच अब्ज जीव संपलेत. मूळ बेत असा होता की तिची शक्ती काढून घ्यायची आणि तिला घरी पाठवायचं. संपादक जिम शूटर अडून बसला: एवढ्या जिवांचा हिशोब कोण देणार? पानं पुन्हा काढली गेली. चंद्रावर, तिचा प्रियकर स्कॉटच्या डोळ्यांदेखत, जीन स्वतःचा जीव देते. मला हा अंक नववीत असताना भद्रकालीतल्या एका रद्दीच्या दुकानात मिळाला. मुखपृष्ठ नव्हतं आणि शेवटचं पान दुमडलेलं होतं. तिथेच उभ्याने वाचला आणि घरी येऊन कोणाशी बोललो नाही.

माझा खरा मुद्दा त्याच्या पुढच्या अंकात आहे. १३८ मध्ये जीनचा अंत्यविधी होतो, स्कॉट संघ सोडून जातो, आणि शेवटी शाळेच्या दारात किटी प्राइड येऊन उभी राहते. एक गेली, एक आली. घरात एक खुर्ची रिकामी झाली म्हणून त्या पोरीला बसायला जागा झाली. संघाची गोष्ट म्हणजे माझ्या मते हेच: कोण गेलं, त्याच्या जागी कोण आलं, आणि उरलेल्यांनी ते कसं सोसलं.

क्राकोआत कोणी जातच नाही. हिकमनच्या ‘हाउस ऑफ एक्स’च्या चौथ्या अंकात संघातले नाइटक्रॉलर आणि वुल्व्हरिन सूर्याच्या तोंडाशी जळत मरतात. अंगावर काटा आला होता माझ्या. पाचव्या अंकात सगळे हजर. तो काटा माझ्याकडून फुकट घेतला असं वाटलं.

सातपूरचा_वाचक

गोदाकाठ, रविवारी तुमच्यासमोर बसलेल्यांपैकी मी एक, तेव्हा इथेही विरोधातच बोलणार.

जीनचं मरण तुम्ही खरं धरून चाललात. ती १९८६ मध्ये परत आली! समुद्राच्या तळाशी कवचात झोपलेली सापडली, आणि मेली ती ती नव्हतीच, फिनिक्स नावाच्या वैश्विक शक्तीने तिचं रूप घेतलं होतं, असं सांगितलं गेलं. म्हणजे जो हिशोब चुकता करायला शूटरने पानं बदलून घेतली, तो सहा वर्षांत खोडला गेला. त्यानंतर या मालिकेतलं कुठलं मरण आपण मनापासून मानलं? प्रत्येक वेळी आपण म्हणतो, ‘येईल दोन वर्षांत.’ हिकमनने एवढंच केलं की वाचकाला जे ठाऊक होतं ते पात्रांनाही ठाऊक करून दिलं. लपवाछपवी संपली.

आणि ती संपली तेव्हा कुठे नवे प्रश्न सुरू झाले. परत आलेला तोच आहे का? मन शेवटचं साठवलं त्यानंतरचं काहीच त्याला आठवत नाही. नाइटक्रॉलर आणि वुल्व्हरिनने सूर्यापाशी जे केलं, ते त्यांचं त्यांनाच माहीत नाही. आपण पाहिलं, त्यांनी नाही. तुमचा काटा फुकट गेला म्हणता, मला तर हे मरणापेक्षा जास्त लागलं.

क्रूसिबलचा अंक (२०२० मधला ‘एक्स-मेन’चा सातवा) पुन्हा वाचा. ज्यांची शक्ती गेली आहे त्यांना ती परत हवी असेल, तर आधी अपोकॅलिप्स या महाबली जुन्या खलनायकाशी लढून मरायचं. लहानशी मेलडी गथ्री तलवार घेऊन त्याच्यासमोर उभी राहते आणि सगळं बेट बघत बसतं. नाइटक्रॉलर, जो मनापासून श्रद्धाळू ख्रिस्ती आहे, तो हे सगळं पाहून मुळापासून हलतो. याला मरण स्वस्त झालं म्हणायचं? अख्खा समाज मरणाचा सोहळा करायला लागलाय, आणि लेखक आपल्याला त्याची भीती दाखवतोय.

नाशिकरोड_लोकल

मी मरणाच्या वादात पडत नाही. माझी तक्रार हिकमनच्या अंकांतल्या तक्त्यांची. दर काही पानांनी पांढरं पान, आकृती, बारीक अक्षरं. मी रोज गाडीत फोनवर वाचतो, दोन बोटांनी मोठं करून करून जीव जातो. क्लेअरमाँटही शब्दांचा पसारा घालायचा, पण ते शब्द कोणाच्या तरी डोक्यात चाललेले असायचे. तक्त्याला तोंड नसतं.

पंचवटीतला_श्रोता

तक्त्यांवरून सुचलं ते लिहितो. माझे आजोबा नारदीय कीर्तन करायचे. लहानपणी रामनवमीच्या दिवसांत त्यांच्यामागे झांजा घेऊन बसायचो. कीर्तनाचे दोन भाग. पूर्वरंगात अभंग घेऊन निरूपण, उत्तररंगात आख्यान. आजोबा म्हणायचे की पूर्वरंग लांबला तर माणसं डुलक्या काढतात, आणि पूर्वरंग नसेल तर आख्यानाला बूड राहत नाही. हिकमनचे तक्ते म्हणजे पूर्वरंग आहे. बेटाचे कायदे, पुन्हा पुन्हा जन्म घेणाऱ्या मोइराचे दहा जन्म, सगळं निरूपण. ‘हाउस ऑफ एक्स’ आणि ‘पॉवर्स ऑफ एक्स’ मिळून बारा अंक त्याने हा पूर्वरंग असा रंगवला की मी डुलकी काढली नाही. पुढच्या मालिकांत आख्यान यायला हवं होतं, ते फार थोड्या ठिकाणी आलं.

पण गोदाकाठ, तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य नाही. शेवट माहीत असला की रस जातो, असं आपल्याकडे कधीच नव्हतं. भरतभेटीला काय होणार हे मंडपातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, तरी आजोबा पादुकांपर्यंत आले की बायका डोळ्याला पदर लावायच्या. माणूस परत येणार हे माहीत असण्याने काही बिघडत नाही. येताना त्याने काय दिलं, ते दिसलं पाहिजे.

कचाचं आख्यान घ्या. असुर त्याला मारतात, शुक्राचार्य संजीवनीने उठवतात. पुन्हा मारतात, पुन्हा उठवतात. तिसऱ्यांदा त्याची राख मद्यात मिसळून शुक्राचार्यांनाच पाजतात. आता कच उठला तर गुरूचं पोट फाडूनच बाहेर येणार! तिथे कथा घट्ट होते: गुरूला आपली विद्या शिष्याला द्यावी लागते, आणि ती घेऊन उठलेला कच देवयानीला नाही म्हणतो, कारण आता तो तिच्या बापाच्या पोटातून जन्मलाय. संजीवनी तीच, पण पहिल्या दोन वेळी कथा नुसती पुढे सरकते आणि तिसऱ्या वेळी तिघांची आयुष्यं बदलतात. क्राकोआत बहुतेक वेळा पहिल्या दोनच खेपा दिसल्या. क्रूसिबल ही तिसरी खेप होती, सातपूरवाल्यांचं तेवढं बरोबर आहे.

मेनरोडची_लेक

सगळे जीनबद्दल बोलताय. मॅडेलिन प्रायरचं नाव कोणी घेत नाही, आणि मला या धाग्यात तिच्याचसाठी लिहायचंय.

जीन गेल्यावर तीन वर्षांनी, १९८३ मध्ये, क्लेअरमाँटने स्कॉटच्या आयुष्यात मॅडेलिन आणली. वैमानिक, स्वतःच्या पायावर उभी, दिसायला हुबेहूब जीन. त्यांचं लग्न झालं, मूल झालं. गोदाकाठ म्हणतात तसं, घर पुढे सरकलं होतं. मग १९८६ मध्ये जीन परत आली आणि स्कॉट बायको-पोर सोडून निघाला. ज्याने इतकी वर्षं ही माणसं वाढवली त्या क्लेअरमाँटला हे नको होतं. नवी मालिका उभी करायची म्हणून ते झालं. पुढे स्कॉट फार वाईट दिसतोय हे लक्षात आल्यावर काय केलं? मॅडेलिन ही मिस्टर सिनिस्टर या खलनायकाने बनवलेली जीनची नक्कल होती असं ठरवलं, तिला खलनायिका केलं आणि मारलं. बाई माणूसच नव्हती म्हटलं की नवऱ्याचा दोष मिटतो! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा संतापाने पुस्तक मिटलं होतं, आजही तो संताप तसाच आहे. आपल्या आजूबाजूला टाकलेल्या बायकांबद्दल लोक काय काय ‘शोधून’ काढतात, ते ऐकत वाढलेय मी.

म्हणून मला क्राकोआतला एक प्रसंग फार मोठा वाटतो. ‘हेलियन्स’ मालिकेत स्कॉटचा भाऊ हॅवॉक बेटाचा कारभार बघणाऱ्या परिषदेकडे मॅडेलिनला परत आणा म्हणून मागणी करतो. नकार मिळतो. कारण? ती नक्कल आहे. ज्या बेटावर खुनी, राक्षस, सगळ्यांना नवा जन्म मिळतो, तिथे तिला नाही. एका ओळीच्या नियमाने चाळीस वर्षांची जखम उघडी पडली. गोदाकाठ, मरण स्वस्त झाल्याशिवाय हा प्रसंग लिहिताच आला नसता. सगळ्यांना जे फुकट मिळतं तेच एकीला नाकारलं जातं, तेव्हाच ते एवढं बोचतं.

देवळालीचे_काका

मुलांनो, तुमची एक्स-मेन मंडळी मी फारशी वाचलेली नाहीत. आमच्या वेळी मराठीत इंद्रजाल कॉमिक्स यायची, त्यातला वेताळ आमचा. बाहेरच्या जगाला वाटतं तो अमर आहे. खरं तर तो एकविसावा. बाप मेला की मुलगा कवटीची अंगठी घालतो, शपथ घेतो, आणि पूर्वजांच्या शेजारी बापाला पुरतो. मला वाटतं गोदाकाठ जे किटीबद्दल म्हणतोय ते हेच असावं. माणूस जातो, जागा राहते. मला ते अजूनही आवडतं.

सातपूरचा_वाचक

काका, वेताळाचं उदाहरण मनाला भिडलं. श्रोता, कचाच्या तिसऱ्या खेपेवर मी आज दिवसभर शॉप फ्लोअरवर विचार करत होतो. तिसरी खेप का आली नाही, याचं एक साधं कारण आहे. हिकमनच्या डोक्यात तीन अंकी नाटकासारखी गोष्ट होती. पहिल्या अंकात स्वर्ग उभा करायचा, पुढे त्याची किंमत वसूल करायची. पण बाकीच्या लेखकांना त्या पहिल्या अंकातच अजून पुष्कळ लिहायचं होतं. २०२१ मध्ये ‘इन्फर्नो’ ही मालिका लिहून तो बाजूला झाला. बेट २०२४ पर्यंत चाललं. म्हणजे पूर्वरंग करणारे बुवा उठून गेले आणि मंडप तसाच भरलेला राहिला. दोष परत आणण्याच्या कल्पनेला देऊ नका, एवढंच माझं मागणं.

गोदाकाठ

मॅडेलिनचा मुद्दा मला खोडता येत नाही. तो प्रसंग मी वाचला होता, पण घाईत. आज पुन्हा काढून वाचला आणि हॅवॉकचा चेहरा या वेळी दिसला. तेवढ्यापुरती माझी हार.

पण किटीवर मी ठाम आहे. तेरा वर्षांची पोर अंत्यविधीच्या दिवशी दारात येते, तिला आत काय घडलंय याची पुरती कल्पना नाही, आणि तिला बघून त्या घरातल्यांना उद्या सकाळी उठायला कारण मिळतं. तसं दार क्राकोआच्या पाच वर्षांत कुठे उघडलं? बेटावर नवी पोरं होती, ‘न्यू म्युटंट्स’मध्ये वीटा अयालाने त्यांना जीव लावून लिहिलंय, पण ती कोणाच्या रिकाम्या जागेत आलेली नव्हती. त्यांच्यावाचून कोणाचं अडत नव्हतं. मला वाटतं त्या पोरांनाही ते कळत असावं.

सातपूरवाले, येत्या रविवारी तुमचा क्रूसिबलचा अंक घेऊन या, मी १३७ आणि १३८ आणतो. लेक, ‘हेलियन्स’ तुमच्याकडे छापील असेल तर तुम्हीही या. काका, तुमच्याकडे वेताळाचे जुने अंक अजून असतील तर देवळालीला येऊन आम्ही घेऊन जाऊ. मला तो बापाला पुरण्याचा प्रसंग बघायचाय.

देवळालीचे_काका

ट्रंकेत आहेत. या.