करडईच्या तेलातलं 'पॉलीअनसॅच्युरेटेड'

एकाने विचारलंय, करडईच्या तेलाच्या बाटलीवर 'पॉलीअनसॅच्युरेटेड' लिहितात म्हणजे तेलात काही मिसळतात का? नाही हो. मेदाम्लाच्या (तेला-तुपाच्या मूळ घटकाच्या) कार्बन साखळीत एकाहून जास्त दुहेरी बंध, म्हणजे दोन कार्बन अणूंमधले दुहेरी जोड, असले की ते बहुअसंपृक्त म्हणजेच पॉलीअनसॅच्युरेटेड, एवढंच. आपल्या नेहमीच्या करडईच्या तेलात असं लिनोलेइक आम्ल नावाचं मेदाम्ल साधारण ७० ते ७५ टक्के असतं, म्हणून ऐन थंडीतही घाण्याचं तेल थिजत नाही.

पण हेच बंध उष्णतेने आणि हवेने लवकर बिघडतात. भज्यांचं उरलेलं काळपट तेल गाळून पुन्हा तळणाला घेण्याची सवय परभणी-लातूरकडे घरोघरी दिसते, ती कृपया मोडा. त्यापेक्षा ज्वारीच्या भाकरीबरोबर जवसाच्या चटणीवर कच्चं तेल घ्या. जवसातलं ओमेगा-३ हे मेदाम्ल सुद्धा बहुअसंपृक्तच असतं.