मदत हवी आहे : खिशात सॉर्बिट्रेट, हातात ताठरतेची गोळी

नमस्कार मंडळी. वय 54, मधुमेह 11 वर्षांपासून. मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. त्याआधी दोन वर्षं लिंगाला ताठरता येईनाशी झाली होती. लाजेपोटी कुणाशी बोललो नाही. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, म्हणून त्रास आधी तिथे दिसू शकतो, हे आता कळतंय. तेव्हाच तपासलं असतं तर, हे मनातून जात नाही.

मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय ताठरतेची गोळी, सिल्डेनाफिल 50, दिली. पण छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायला माझ्याकडे सॉर्बिट्रेट असते. दोन्ही एकत्र पोटात गेल्या तर रक्तदाब धोकादायक खाली जातो, म्हणून घेतलेली नाही.

आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारू की युरोलॉजिस्टना? ताठरता आणायचा व्हॅक्यूम पंप कुणी वापरलाय का? बायकोशी हा विषय कसा काढलात, तेही सांगा.