अनुभव धागा: फाइट केव्ह्ज आणि जॅड – नेमकं कुठे अडतं?

लावारस
खूप दिवसांनी आज जॅडने पाय आपटल्याचा आवाज कानावर पडला आणि बोट आपोआप प्रेअर टॅबकडे (हल्ले अडवणाऱ्या प्रार्थनांकडे) गेलं. म्हणून हा धागा. रूनस्केप या ऑनलाइन खेळात २००५ साली आलेली फाइट केव्ह्ज ही गुहा, ओल्ड स्कूल या त्याच्या जुन्या धाटणीच्या आवृत्तीतही तशीच आहे. एकट्याने आत जायचं, प्राण्यांच्या ६२ वेव्ह (लाटा) संपवायच्या, ६३व्या वेव्हला शेवटचा राक्षस टीझटॉक-जॅड, तो मारला की बक्षीस फायर केप. लेव्हल ७०२, हिटपॉइंट्स (रक्त) २५०, आणि एका फटक्यात जास्तीत जास्त ९७.

एकच विनंती. स्वतःच्या पराक्रमाच्या कहाण्या नकोत. कुठे अडतं, का अडतं आणि त्यावर काय चालतं, एवढंच लिहा, म्हणजे आज अडकलेल्याला लगेच वापरता येईल.

सुरुवात करतो. जॅड मागच्या पायांवर उभा राहून पुढचे पाय हवेत धरतो, तेव्हा मॅजिक (जादूचा हल्ला) येतंय. पुढचे पाय जमिनीवर आदळले की रेंज (लांबून मारा), वरून दगड पडतो. दोन हल्ल्यांत ८ टिकचं अंतर असतं. एक टिक ०.६ सेकंदाचा, म्हणजे ४.८ सेकंद. हालचाल सुरू होताच फटका बसत नाही, मध्ये थोडी फट असते आणि प्रेअर (त्या हल्ल्याला अडवणारी) त्या फटीत बदलायची. ती बदलून झाली की पुढच्या हालचालीपर्यंतचा वेळ तुमचा. पोशन प्यायचं असेल, बाण सोडायचा असेल, तर तेव्हाच. बहुतेक जण याच्या नेमकं उलट करतात, जॅडचे पाय हलतात तेव्हा यांची इन्व्हेंटरी उघडी असते.

बोरूबहाद्दर
+१. यात एक भर. जॅडला चिकटून उभं राहायचं नाही. शेजारच्या घरात (चौकोनात) असलात तर तो मेलीही (जवळून) मारतो आणि त्या हल्ल्यात ती फट मिळत नाही. एक घर सोडून उभं राहिलात तरी मेली संपली. मग फक्त दोनच गोष्टी ओळखायच्या उरतात.

आणि प्रेअर टॅब, इन्व्हेंटरी या दोन्हींना शेजारशेजारच्या एफ-की लावा. सेटिंगमध्ये बदलता येतात. माऊसने टॅब शोधत बसलात तर ती फट तिथेच संपते.

खडकाआड
सगळे थेट जॅडवर उड्या मारताहेत. अहो, आधीच्या ६२ वेव्हमध्ये पोशन उधळली तर जॅडसमोर उभं राहून करणार काय?

वेव्हचा हिशेब पाठ करायची गरज नाही, तो काढता येतो. गुहेतल्या प्राण्यांपैकी टीझ-किह पहिल्यांदा १ नंबरला, टीझ-केक ३ला, टॉक-झिल ७ला, यट-मेजकॉट १५ला, केट-झेक ३१ला आणि जॅड ६३ला. प्रत्येक आकडा आधीच्याच्या दुप्पट अधिक एक. आता कुठलाही वेव्ह नंबर घ्या आणि त्यातून बसेल तो सगळ्यात मोठा आकडा वजा करत जा. उदाहरणार्थ ५३. त्यातून ३१ गेले, उरले २२. त्यातून १५ गेले, उरले ७. म्हणजे एक केट-झेक, एक मेजकॉट, एक टॉक-झिल. ५७ काढून बघा, पाचही जातीचे एकेक येतात. ६२ म्हणजे ३१ अधिक ३१, दोन केट-झेक. ६१ म्हणजे एक केट-झेक आणि दोन मेजकॉट.

कागदावर फक्त ७, १५, ३१ लिहून समोर ठेवा. पुढच्या वेव्हला काय येणार हे आधीच कळलं की कुठली प्रेअर लावून उभं राहायचं ते आपोआप ठरतं. ३१ पासून ६२ पर्यंत प्रत्येक वेव्हमध्ये जादू मारणारा केट-झेक आहेच, त्यामुळे तिथून पुढे वेव्ह सुरू होताना मॅजिकची प्रेअर चालूच हवी.

सांजवात
हे दुप्पट अधिक एक प्रकरण माहीतच नव्हतं! वाखुसा (वाचनखूण साठवली). धन्यवाद खडकाआड.

वाटसरू
प्रेअरचा हिशेब मी देतो, कारण बहुतेकांचा खजिना इथेच आटतो.

प्रोटेक्टच्या तिन्ही प्रेअर ४३ लेव्हलला मिळतात (मॅजिक ३७, मिसाइल्स म्हणजे रेंजची ४०, मेली ४३). अंगावर प्रेअर बोनस शून्य असेल तर एक प्रोटेक्ट चालू ठेवायला दर ३ सेकंदांना १ पॉइंट जातो. ४३ पॉइंट म्हणजे दोन मिनिटं नऊ सेकंद, संपलं. प्रेअर पोशनचा एक घोट लेव्हलच्या पाव भाग अधिक ७ देतो. ४३ला १७ पॉइंट, म्हणजे ५१ सेकंद. चार घोटांची बाटली ३ मिनिटं २४ सेकंद पुरते. दहा बाटल्या नेल्या तरी ३४ मिनिटं. आणि साध्या क्रॉसबोने पूर्ण गुहेला तास-दीड तास सहज लागतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, अंगावर प्रेअर बोनस घ्या. +१५ झाला तरी प्रत्येक पॉइंट ३ ऐवजी ४.५ सेकंद टिकतो, तेवढ्याच बाटल्यांत दीडपट वेळ. दोन-चार बचावाचे आकडे कमी झाले तरी चालतील, हा बोनस सोडू नका. दुसरी, पहिल्या ३० वेव्हमध्ये प्रेअर जवळपास बंद ठेवायची आणि खडकांचा आडोसा वापरायचा.

ईगल आय (रेंज वाढवणारी प्रेअर) लावून ठेवायची सवय असेल तर ती फक्त जॅडसाठी राखा. तीही प्रोटेक्टइतकीच खाते, दोन्ही चालू म्हणजे खर्च दुप्पट.

चकवा
टीझ-किह पहिले मारा. दिसायला चिल्लर, पण त्यांचा प्रत्येक फटका प्रेअर पॉइंट खातो. वाटसरूचा सगळा हिशेब ती वटवाघळं कोलमडवतात.

खडकाआड
आडोशाबद्दल लिहायचं राहिलं होतं, मध्येच उठावं लागलं.

गुहेतले प्राणी वळसा घालत नाहीत. सरळ तुमच्या दिशेने येतात आणि खडक आडवा आला की तिथेच थबकतात. जेवढा मोठा देह तेवढा लवकर अडकतो. टीझ-किह १ घराचा, टीझ-केक २×२, टॉक-झिल ३×३, मेजकॉट ४×४, केट-झेक ५×५. म्हणून मेजकॉटला खडकामागे अडकवून क्रॉसबोने आरामात मारता येतं, त्याला फक्त मेली येतं. त्याचं रक्त निम्म्याखाली गेलं की तो स्वतःला आणि शेजाऱ्यांना बरं करतो, तेव्हा अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळू नका. एकदा धरला की संपवा.

टॉक-झिल आणि केट-झेक एकत्र आले (३८ला पहिल्यांदा), तर मॅजिकची प्रेअर चालू ठेवायची आणि खडकाच्या अशा बाजूला जायचं की केट-झेक पलीकडे अडकेल आणि टॉक-झिल एकटाच पुढे येईल. आधी टॉक-झिल. तो अंगावर आला तर मेलीही मारतो, म्हणून पूर्ण जवळ येऊ देऊ नका. त्या बुटाच्या आकाराच्या खडकाला सगळे इटली रॉक म्हणतात, त्याच्या भोवती हे सगळ्यात चांगलं जमतं.

टीझ-केक मेला की त्याचे दोन छोटे होतात. घाबरायचं कारण नाही. उलट उपयोग आहे. शेवटचा एक छोटा जिवंत ठेवा आणि त्याच्या जोरावर थांबून स्टॅट सावरून घ्या. तो मेला की पुढची वेव्ह लगेच सुरू होते, मग श्वास घ्यायलाही वेळ नाही.

पारवा
प्रश्न: रेंज ७०, प्रेअर ४३, हिटपॉइंट्स ७० आहे. रून क्रॉसबो आहे, ब्लोपाइप नाही. जमेल का, की अजून लेव्हल वाढवू?

लावारस
@पारवा, जमेल. फक्त आकडे डोळ्यांसमोर असू देत. जॅडचा फटका ० ते ९७ मधला कुठलाही असू शकतो. ७० रक्तावर एखादी प्रेअर चुकली आणि फटका लागला, तर मरणाची शक्यता साधारण शंभरात २९. म्हणजे एका चुकीने खेळ संपतोच असं नाही. चूक झाल्यावर लगेच पोशनवर झडप घालू नकोस, आधी पुढची हालचाल बघ, प्रेअर लाव, मग पी. एका चुकीने मेलेले थोडे, चुकीनंतरच्या गडबडीत मेलेले फार.

बोल्ट दोन प्रकारचे ने. एन्चँटेड रुबीचा खास परिणाम अधूनमधून होतो, तेव्हा समोरच्याच्या त्या वेळच्या रक्ताचा पाचवा भाग एकदम जातो, भरलेल्या जॅडवर तब्बल ५०. त्या बदल्यात तुझं १० टक्के रक्त जातं, म्हणून रक्त कमी असताना रुबी नको. जॅड निम्म्यावर आला की डायमंड चढव.

वाटसरू
सॅराडोमिन ब्रूचं (रक्त भरणारं पोशन) पण सांगा त्याला. ब्रू पूर्ण रक्ताच्या वर चढवतो, लेव्हलच्या १५ टक्के अधिक २. ८५ हिटपॉइंट्सवाला एका घोटात ९९ला जातो, म्हणजे ९७ खाऊनही उभा. ७०वाल्याला तो फायदा नाही, ८२ पर्यंतच जाईल. पण ब्रू रेंज खाली आणतो. तीन घोट ब्रू, मग एक घोट सुपर रिस्टोर (खाली आलेल्या लेव्हल परत आणणारं पोशन), हे प्रमाण मोडू नका. नाहीतर रक्त भरलेलं आणि बाण एकही लागत नाही अशी गत होते.

शांतपणे
अवांतर: ती फायर केप पाठीवर हलताना जी दिसते ना, त्या लाव्ह्याच्या रंगाला तोड नाही. नुसती बघत बसावी.

सांजवात
@शांतपणे अगदी अगदी!! इन्फर्नल केप (इन्फर्नो या दुसऱ्या गुहेची) पण छान आहे, पण या केपची गोष्टच वेगळी.

चकवा
अवांतरात भर: इन्फर्नोत पहिल्यांदा शिरायला एक फायर केप अर्पण करावी लागते. आणि तिथे ६८व्या वेव्हला तीन जॅड एकदम. तिन्हींचे पाय वेगवेगळ्या टिकला हलतात.

पारवा
तीन???

एकतारी
मूळ विषयाकडे येऊ का? हीलर. जॅडपर्यंत नीट पोचलेले लोक इथेच पडतात आणि त्याचं कारण एकच, नजर.

जॅड निम्म्याखाली गेला की यट-हुरकॉट येतात आणि त्याला बरं करायला लागतात. खेळणारा त्यांना शोधायला लागतो, कॅमेरा फिरवतो, क्लिक चुकते, पुन्हा क्लिक करतो, आणि तेवढ्यात जॅडने पाय आपटलेले असतात. हीलरनी कोणी मरत नाही. हीलर बघताना जॅड बघायचा राहतो, म्हणून मरतात.

तर असं करायचं. निम्म्यावर आणायच्या आधी, म्हणजे साधारण ६० टक्क्यांच्या आसपास थांबा. प्रेअर आणि रक्त पूर्ण भरा. कॅमेरा शक्य तेवढा वर आणि दूर न्या, जॅड मध्ये आणि त्याच्या भोवतीची सगळी जमीन पडद्यावर दिसली पाहिजे. मग निम्म्याखाली न्या. पुढे एकच चक्र: जॅडची हालचाल, प्रेअर, एका हीलरवर एक बाण. पुन्हा जॅडची हालचाल, प्रेअर, दुसऱ्या हीलरवर बाण. एका हल्ल्याच्या फटीत एकच हीलर, दोन नाहीत. हीलरला मारायचं नाही, एकदा टोचलं की तो जॅडला सोडून तुमच्याकडे येतो, तेवढं पुरे.

सगळे तुमच्याकडे आले की ते थोडंथोडं रक्त खात राहतील. मेलीची प्रेअर लावायचा मोह टाळा, प्रेअर जॅडचीच. जॅडला मध्ये ठेवून सरकलात तर काही हीलर त्याच्या मागे अडकतात, तेवढा मार कमी.

या सगळ्यात जॅडचं रक्त वाढलं तर वाढू द्या. फक्त पूर्ण भरू देऊ नका. पूर्ण भरून पुन्हा निम्म्यावर आणला तर हीलर नव्याने येतात.

बोरूबहाद्दर
हा प्रतिसाद धाग्याच्या डोक्यावर चिकटवा. ट्विस्टेड बोसारखं हत्यार असेल तर हीलर सोडून थेट जॅडला संपवतात तेही बरोबर, पण क्रॉसबोवाल्यांनी ते करू नये, बरं होण्याचा वेग भारी पडतो.

सांजवात
फोनवर खेळणाऱ्यांसाठी: एफ-की नाहीत, त्यामुळे जॅडच्या वेळी प्रेअर टॅब कायम उघडा, इन्व्हेंटरी फक्त पोशनपुरती आणि लगेच परत. बाकी सगळ्या सूचना बंद करा, वरून एक पट्टी आली तरी नेमकं जॅडचं डोकं झाकलं जातं. बोटाने पडदा झाकला जाणार नाही अशा बाजूला जॅड ठेवा. शुद्धलेखन सांभाळून घ्या, मीही फोनवरूनच.

शांतपणे
दुसऱ्याला अकाउंट देऊन केप काढून घ्यायचा सल्ला कोणी देत असेल तर ऐकू नका. नियमाविरुद्ध आहे, अकाउंट जाऊ शकतं. पुढचा हल्ला कोणता ते सांगणारे प्लगिनही तसेच. तसंही गुहेत मेलात तर सामान जात नाही, तेव्हा पुन्हा जायला भीती कसली.

पारवा
वेव्ह ६१ चालू आहे, मघाशी लॉगआउट दाबून ठेवलंय. आता संपली की बाहेर पडेन ना?

खडकाआड
हो, दाबलेलं असेल तर चालू वेव्ह संपली की बाहेर काढतं, पुन्हा आलास की ६२ पासून. पाणी पिऊन ये, हात मोकळे कर. आत आल्या आल्या मॅजिक लाव. दोन केट-झेक येतील, एक खडकाआड अडकव, एक एक करून मार, चिकटू देऊ नकोस. दुसरा मारायच्या आधी रक्त, प्रेअर, रेंज तिन्ही भर, कारण तो पडला की थेट जॅड.

एकतारी
आणि तेव्हाच कॅमेरा दूर नेऊन ठेव. जॅड येताना दिसला नाही तर पहिला फटका आंधळा बसतो. मॅजिक लावून उभा राहा, निदान अर्धी शक्यता तुझ्या बाजूने.

लावारस
गेमचा आवाज चालू आहे ना @पारवा? दोन्ही हल्ल्यांचे आवाज वेगळे आहेत, डोळा चुकला तर कान सांगतो.

पारवा
बंद होता. चालू केला. बोल्ट किती उरले तर बघायचं राहिलं... रुबी ४०, डायमंड ९०. पुरतील?

वाटसरू
पुरतील. जा.