गाव बाल समितीत कुणाकुणाला घ्यावं आणि काम कसं वाटावं?

कुंडईकडची आई

नमस्कार. मी फोंडा तालुक्यातली, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या गावातली. शाळेच्या पालक-शिक्षक संघात आहे आणि बायकांचा स्वयंसहाय्य गटही चालवते. मागच्या ग्रामसभेत मुलांच्या सुरक्षेकडे बघणारी गाव बाल समिती नव्याने बांधायचं ठरलं, त्यात माझं नाव घातलंय. बहुतेकांचं म्हणणं, 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' यावर कुणाला तरी बोलवून एक तास भाषण ठेवू. ते ठेवूच. पण माझ्या डोळ्यांपुढे आमच्या वाड्यावरच्या भाड्याच्या खोल्या आहेत. तिथे उत्तर कर्नाटक, झारखंड, ओडिशाकडची कुटुंबं राहतात. शाळा एकला सुटते, अंगणवाडीही त्याच सुमाराला. आईबाप कारखान्यातून सातला परततात. नऊ वर्षांची एक मुलगी चार वर्षांच्या भावाला सांभाळत खोलीत बसते, आणि शेजारच्याने मोबाइल बघायला बोलावलं की जाते. काही वाईट घडलंय असं मी म्हणत नाही. पण घडायला रोज सहा तास मोकळे आहेत.

आणखी एक गोष्ट सतावते. अंगणवाडीच्या बाईंना पोराचं वजन उतरलेलं दिसतं. शाळेतल्या बाईंना गैरहजेरी दिसते. उपकेंद्राच्या नर्सला आईच्या दंडावरचे वळ दिसतात, दुकानदाराला बापाची उधारी. या चौघांची कधी गाठच पडत नाही. त्यांना एकत्र बसवायचं कसं? आणि बसवलं तर त्या घराचं नाव गावभर होणार नाही याची काळजी कशी घ्यायची? इथे देवळात सकाळी बोललेलं संध्याकाळपर्यंत बाजारात पोचतं.

जुने मास्तर, डिचोली

बाई, ग्रामसभेत हा विषय निघाला याचंच मला बरं वाटलं. गोव्याने २००३ साली मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला, त्यासाठी वेगळं बाल न्यायालय आणलं. हॉटेलवाल्यांवर मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी टाकली, फोटो धुणारा स्टुडिओवालाही मुलाचं अश्लील चित्र दिसलं तर कळवायला बांधील केला. गाव बाल समितीची कल्पनाही त्याच कायद्यातली.

स्टुडिओचा उल्लेख त्यात का आला, हे तरुणांना माहीत नसेल. फ्रेडी पीट नावाचा माणूस फातोर्ड्यात 'गुरुकुल' म्हणून अनाथ मुलांचं घर चालवत होता. १९९१ साली तो पकडला गेला तेव्हा त्याच्याकडे मुलांचे फोटो आणि निगेटिव्ह सापडले. १९९६ साली जन्मठेप झाली. गरीब मुलांना आसरा देणारा भला माणूस अशी त्याची ओळख होती, म्हणून दार ठोठावून आत कोण राहतं, कोण येतं, हे कुणी विचारलं नाही. तुमच्या समितीला माझं पहिलं सांगणं हेच: शिकवणी घेणारा असो, खेळ शिकवणारा असो, भजनाला मुलं जमवणारा असो, कितीही मानाचा असला तरी मुलांजवळ एकट्याने वावरणाऱ्यावर समितीची नजर हवी. त्यात कुणाचा अपमान नाही.

पेडणेकर

मी पंच होतो म्हणून बोलतो. खोल्यांचे मालक गावातलेच, कधी पंचांचे भाऊबंद. त्यांना समितीत घेतलं तर भाडेकरू तोंड उघडणार नाहीत. बाहेर ठेवलं तर दुपारी खोल्यांकडे कुणाची ये-जा आहे ते कळणार नाही. आम्ही मालकांची वेगळी बैठक घेत होतो. कुठल्याही घराचं नाव न घेता जिन्यात दिवा, न्हाणीला आतून कडी, एवढंच मागत होतो. बऱ्याच ठिकाणी झालं. आणि एक हात जोडून सांगतो, सगळा संशय 'भायल्या', म्हणजे बाहेरून आलेल्या, माणसांवर ढकलू नका.

समुपदेशक, मडगाव

पेडणेकरांचं शेवटचं वाक्य समितीने लिहून ठेवावं. राष्ट्रीय गुन्हे नोंदीतही पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालच्या, बहुतांश प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचाच असतो. मी अशा खटल्यांत मुलांबरोबर राहते. जिल्ह्याची सरकारी बाल कल्याण समिती (ही तुमच्या गाव समितीहून वेगळी) मुलासाठी सहाय्यक व्यक्ती नेमते, ते माझं काम. त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

गाव समितीने तपास करायचा नाही. मूल काही बोललं तर ज्याच्याकडे बोललं त्याने शांतपणे ऐकायचं, त्याच्याच शब्दांत टिपायचं आणि पोलिसांना कळवायचं. २०१२ च्या पोक्सो कायद्यात हे कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आधी बाईंनी विचारलं, मग मुख्याध्यापकांनी, मग सरपंचांनी, असं झालं की मूल चौथ्यांदा सांगताना गप्प होतं, नाहीतर मोठ्यांना हवं ते बोलतं. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, आणि पोलीस गणवेशात नकोत. पोलिसांनी चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीला कळवायचं. मुलगी असेल तर वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करणार. समितीतल्या प्रत्येकाला हे माहीत असेल तर पोलीस ठाण्यात घाबरलेल्या आईशेजारी कुणीतरी ठामपणे उभं राहू शकतं. एवढ्याने फार फरक पडतो, मी पाहिलंय. आणि 'दोन्ही घरं बसून मिटवूया' असं कुणी म्हटलं तर तिथेच अडवा.

आता तुमच्या खोल्यांतली कुटुंबं. तिथे अजून गुन्हा नाही, अडचण आहे. म्हणून पोलीस नकोत, मदत हवी. गृहिणींना दरमहा पैसे देणाऱ्या राज्याच्या गृहआधारसारख्या योजनेला गोव्यातलं पंधरा वर्षांचं वास्तव्य लागतं, तिथे ती आई बसणार नाही. मिशन वात्सल्य या केंद्राच्या मुलांसाठीच्या योजनेखाली प्रायोजकत्वाचे महिन्याला चार हजार रुपये मिळू शकतात. ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्न बहात्तर हजारांच्या आत हवं, शिवाय आई विधवा किंवा परित्यक्ता, आईबाप गंभीर आजारी अशासारखी परिस्थिती लागते. जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा. कागद नाहीत म्हणून आईला परत पाठवू नका, अर्ज भरायला तिच्याबरोबर बसा. चार वर्षांच्या मुलासाठी कारखान्याला विचारा. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवं असा नियम २०१७ पासून आहे. तिथे एकटी आई बोलली तर ठेकेदार तिलाच काढेल, समितीचं पत्र गेलं तर कारखान्याला उत्तर द्यावं लागेल.

नावाबद्दल विचारलंत. बैठकीत कुटुंबाचं नाव घ्यायचंच नाही. एका घरासाठी एकच माणूस ठरवा, त्या आईला ज्याचा विश्वास वाटतो तो. बाकीच्यांनी आपल्याला दिसलेलं त्यालाच सांगायचं. आमच्याकडे वास्कोची 'अर्ज', मडगावची 'जन उगाही' यांसारख्या स्वयंसेवी संस्था आहेत, पण त्यांचे लोक तुमच्या वाड्यावर रोज येऊ शकत नाहीत. त्यांना प्रशिक्षणासाठी आणि अवघड प्रकरणात सल्ल्यासाठी बोलवा, रोजची नजर गावाचीच हवी. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर चोवीस तास चालतो, खोल्यांच्या भिंतीवर कन्नड आणि हिंदीतही लावा.

कुंडईकडची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. अंगणवाडीच्या बाई, नर्स आणि शाळेतल्या बाई पुढच्या आठवड्यात आमच्या गटाच्या खोलीत बसायला तयार आहेत. शाळेचा एक वर्ग दुपारी उघडा ठेवण्याबद्दल मुख्याध्यापकांशी बोलले. किल्ली आणि जबाबदारी कुणाची, यावर अडलंय. गटातल्या दोघी आळीपाळीने बसायला तयार आहेत, पण मुलांबरोबर एकटीने कुणी बसायचं नाही, दोघींनी मिळूनच बसायचं, असं मास्तरांचं वाचून आम्ही ठरवलं. त्या मुलीच्या आईकडे मी स्वतः जाईन. तिला कन्नडच नीट येते, म्हणून गटातली हुबळीकडची एक सून बरोबर नेतेय. मालकांच्या बैठकीचं पत्र कसं लिहिलं होतं, पेडणेकरांनी जरा टाकावं.

पेडणेकर

जुना मसुदा शोधून उद्या टाकतो. पत्रावर सरपंचांची सही घ्या, आणि न्हाणीची कडी पहिल्या ओळीतच लिहा.