जुहू, अक्सा, गोराईच्या ओल्या वाळूसाठी कोणता मेटल डिटेक्टर? त्याच यंत्रावर नदीतलं सोनं शोधता येईल का?

गोराईखाडी:
नमस्कार मंडळी. मेटल डिटेक्टर घ्यायचा आहे. बजेट ६० हजारांपर्यंत, खरोखर फरक पडत असेल तर थोडं ताणेन. वापर तीन प्रकारचा आहे. जुहू, अक्सा, गोराईची कोरडी आणि ओली वाळू. ओहोटीला कमरेपर्यंतचं पाणी. आणि सुट्टीत संगमेश्वरकडे नदीपात्रात सोन्याचे कण शोधणं. दुकानदार १५ किलोहर्ट्झचं सिंगल फ्रिक्वेन्सी यंत्र सुचवतोय, ३ मीटरपर्यंत वॉटरप्रूफ आहे म्हणून. दुसरा एक जण ‘पल्सच घ्या’ म्हणतो. ऑनलाइन एक अँटेनावालं यंत्रही दिसतं, १०० मीटरवरून सोन्याची दिशा दाखवतं असा दावा आहे. या तिघांत काय घ्यावं? की चौथंच काही?

ओहोटी_सहा:
चौथंच. वॉटरप्रूफ असणं आणि खाऱ्या पाण्यात चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुकानात नेमका इथेच घोळ होतो. १५ किलोहर्ट्झचं यंत्र पाण्यात बुडवलं तर बिघडणार नाही, पण ओल्या वाळूवर ते सतत बडबडेल.

कारण असं. खारं पाणी वीज वाहतं, त्यामुळे कॉइलला (यंत्राच्या टोकाची, जमिनीवरून फिरवायची चकती) ओली वाळू म्हणजे धातूचा पातळ पसरट पत्राच वाटते. तिचा सिग्नल पडतो तो पातळ सोन्याच्याच पट्ट्यात: चमकी, बारीक अंगठी, मंगळसूत्राची वाटी. त्यात आपल्या किनाऱ्यावर दख्खनच्या बेसॉल्टमधून झिजून आलेले मॅग्नेटाइटचे काळे कण आहेत. सिंगल फ्रिक्वेन्सीच्या व्हीएलएफ (सतत कमी फ्रिक्वेन्सीची लहर पाठवणाऱ्या) यंत्रात काळ्या वाळूला ग्राउंड बॅलन्स केला, म्हणजे तिचा सिग्नल शून्यावर आणला, की मीठ ओरडतं, मिठाला केला की काळी वाळू ओरडते. दोन्ही एकदम गप्प बसत नाहीत. मग सेन्सिटिव्हिटी उतरवा, नाहीतर तो पट्टा डिस्क्रिमिनेट करा, म्हणजे गप्प करा. दोन्हीत बारीक सोनं हातचं जातं.

यावर उपाय म्हणजे एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी पाठवणारं यंत्र. वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींना मीठ आणि लोहखनिज जी वेगवेगळी उत्तरं देतात, त्यांच्या तुलनेवरून ते दोन्ही वजा करतं. इथे एक शब्द नीट वाचा. खोक्यावर ५, १०, १५, २० किलोहर्ट्झ लिहिलेलं असलं म्हणजे ते मल्टी झालं असं नाही. ‘सिलेक्टेबल’ म्हणजे एका वेळी एकच, आपण बदलायची. आपल्याला हवं ते ‘सायमल्टेनियस’.

नोक्ता लेजंड, मायनलॅब इक्विनॉक्स, एक्सपी डेउस २ ही या जातीतली. इक्विनॉक्स ९०० पाण्यात ५ मीटरपर्यंत चालतं, डेउस २ तर २० मीटरपर्यंत. पण पाण्याखाली डेउसला कॉइलपासून रिमोटपर्यंत अँटेनाची वायर लावावी लागते, ती विसरली की यंत्र मुकं. बजेट कमी असेल तर मायनलॅब व्हॅन्क्विश मालिका. ओल्या वाळूवर ती छान चालते, मात्र तिची फक्त कॉइल पाण्यात घालता येते, वरचा कंट्रोल बॉक्स नाही. कमरेपर्यंत जायचं म्हणता, तेव्हा व्हॅन्क्विश तुमच्यासाठी नाही. एक लाट पुरते.

कॉइल ११ इंची डीडी (आत ‘डी’ आकाराची दोन वेटोळी असलेली) घ्या. पण जुहू-गिरगावसारख्या ठिकाणी खिळे, बाटल्यांची बुचं, चॉकलेटच्या चांद्या, विसर्जनानंतरच्या तारा यांचा इतका खच असतो की मोठ्या कॉइलखाली एका वेळी चार-पाच वस्तू येतात आणि लोखंड सोन्याला झाकून टाकतं. तिथे ६ इंची कॉइल खोली कमी देते, तरी माल जास्त देते. पहिल्या दिवशीच दोन्ही घेऊ नका, सहा महिने ११ इंचीवर हात बसू द्या.

यंत्र लावताना आधी फॅक्टरी रीसेट, मग नॉइज कॅन्सल (आसपासच्या विजेचा गोंगाट टाळणं), मग ग्राउंड बॅलन्स. मोबाइल टॉवर आणि विजेच्या तारा मुंबईत सगळीकडे, म्हणून जागा बदलली की नॉइज कॅन्सल पुन्हा. इक्विनॉक्समध्ये कोरड्या-ओल्या वाळूला बीच १. लाटांत आणि पाण्याखाली बीच २, त्यात पाठवलेली शक्ती कमी केलेली असते. कॉइल वाळूपासून २-३ सेंटीमीटर वर, झोका सावकाश, आणि प्रत्येक झोका आधीच्याला अर्धा झाकणारा. झोक्याच्या टोकाला कॉइल उचलली जाते, नवख्यांची निम्मी खोली तिथेच जाते.

डिस्क्रिमिनेशन जवळपास नकोच. धातू ओळखायला यंत्र पडद्यावर एक आकडा दाखवतं; अॅल्युमिनियमचा कॅनचा टॅब आणि २२ कॅरेटची अंगठी बऱ्याचदा एकाच आकड्यावर येतात. टॅब नको म्हणालात की अंगठीही नको म्हणालात. आणखी एक: आपली १ आणि २ रुपयांची हल्लीची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलची आहेत. ती लोखंडासारखी तुटक वाजतात, तेव्हा परदेशी व्हिडिओंतले नाण्यांचे आकडे पाठ करून इथे उपयोग नाही. घरातलीच नाणी, जोडवी, अंगठी किनाऱ्यावर १५ सेंटीमीटर पुरून आकडे लिहून ठेवा. पुरण्याआधी प्रत्येकाला दोरा बांधा.

रेतीचाळ:
वरचं पटलं, फक्त पल्सला इतक्या पटकन बाजूला सारू नका. पल्स इंडक्शन यंत्र झटका देतं आणि थांबून ऐकतं. मिठाचा प्रतिसाद काही मायक्रोसेकंदांतच विझतो. पल्स डिले, म्हणजे झटक्यानंतर ऐकू लागेपर्यंतची वेळ, १० ते १५ मायक्रोसेकंद ठेवला की मीठ आणि बरीचशी काळी वाळू आपोआप गायब होते, आणि जाड अंगठी व्हीएलएफपेक्षा खोल सापडते. गॅरेट सी हंटर मार्क २ या प्रकारातलं, डायव्हिंगसाठी बनवलेलं.

पण दोन अडचणी. पातळ चमकी, कानातली बारीक कडी यांचाही प्रतिसाद तितकाच लवकर विझतो, म्हणजे डिले वाढवला की मिठाबरोबर तीही गेली. दुसरी मोठी: लोखंड वेगळं ओळखायची सोय पल्समध्ये भरवशाची नसते. मुंबईच्या किनाऱ्यावर प्रत्येक खिळा ४० सेंटीमीटरवरून उकरायची तयारी हवी. म्हणून तुमचं पहिलं यंत्र मल्टी. पल्स दुसरं, तेही गोराई-मनोरीच्या तुलनेने मोकळ्या पट्ट्यासाठी.

यंत्राइतकाच पैसा उकरणीला द्या. ओल्या वाळूला बागेतलं खुरपं चालत नाही, खड्डा लगेच भरतो. लांब दांड्याचा स्टेनलेस स्टीलचा स्कूप लागतो. भोकं १० ते १२ मिलिमीटरची असली तर वाळू पटकन गळते, पण चमकीही गळते. ८ मिलिमीटरला चिखल अडकतो. दादर-माहीमकडे चिखल जास्त, तिथे स्कूप पाण्यात हलवूनच गाळावा लागतो. मी १० म्हणेन. दांडा पायाने दाबता येईल असा, आणि दांडा-पाट्याचा जोड वेल्डिंगचा. नटबोल्ट खाऱ्या हवेत एका मोसमात जातात.

वायरलेस हेडफोन पाण्याखाली चालत नाहीत, रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात काही सेंटीमीटरवर मरतात. कान पाण्याबाहेर आणि कंट्रोल बॉक्स पाण्यात असेल तरी आवाज तुटतो. यंत्राच्याच कंपनीचे वायरचे वॉटरप्रूफ हेडफोन घ्या.

घरी आल्यावर आधी सगळी झाकणं बंद आहेत का पाहा, मग सगळं गोड्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून धुवा. शाफ्टची कुलपं सुटी करून आतली वाळू काढा. त्यांना तेल लावू नका, वाळू चिकटून घासते. कॉइलचं प्लॅस्टिक कव्हरही काढा. आत काळी वाळू साचली की यंत्र उगाच वाजायला लागतं आणि लोक कॉइल बिघडली समजून नवी घेतात. ओ-रिंगवर (झाकणाच्या रबरी कड्यावर) केस किंवा वाळूचा एक कण राहिला तरी पाणी शिरतं. पुसून, सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात, मगच झाकण.

पावसाळ्यात पाण्यात उतरू नका. अक्साच्या पाण्याच्या जीवघेण्या ओढीबद्दल वेगळं सांगायला नको. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जेलीफिश आणि पाकट किनाऱ्यालगत येतात, तेव्हा पाय उचलून टाकायचा नाही, वाळूवरून सरकवत न्यायचा.

गोराईखाडी:
दोघांचे आभार, १५ किलोहर्ट्झवालं बाद. दोन उपप्रश्न. ओहोटीची वेळ कशी धरायची? आणि कुणाची साखळी किंवा मंगळसूत्र वाळूत पडलं तर ते अंगठीसारखंच वाजतं का?

ओहोटी_सहा:
मिनिटाचा हिशोब हवा तर अपोलो बंदरचं भरती-ओहोटीचं कोष्टक पाहा. अंदाजाला जुनं गणित अजून चालतं: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला ३ वाजता भरती, म्हणजे ९ च्या सुमारास पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती ६ ला, ओहोटी १२ ला. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी १२ च्या आसपास, म्हणून ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी ६ च्या आगेमागे. याच दिवसांत उधाण, पाणी सगळ्यात लांब जातं आणि एरवी बुडालेला पट्टा उघडा पडतो. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, पाणी कमी हलतं तेव्हा) कोरड्या वाळूवर काम करा. पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी उतरा, पाण्याच्या मागे मागे जा, पाणी वळलं की तुम्हीही वळा.

साखळी अंगठीसारखी वाजत नाही, आणि हे माहीत नसल्याने शोध फसतो. अंगठी हे बंद कडं, त्यात प्रवाह गोल फिरतो. साखळीची प्रत्येक कडी यंत्राला सुटी दिसते, म्हणून १० ग्रॅमची साखळी ३ ग्रॅमच्या अंगठीपेक्षाही क्षीण वाजू शकते. काळे मणी तर काहीच सांगत नाहीत. मंगळसूत्रात वाट्या आणि हूक वाजतात, तेही पातळ, खालच्या आकड्यावर. तुटलेली अंगठी, उघड्या तोंडाची जोडवी यांचंही तेच: कडं उघडं, आवाज कमी.

शोधताना हरवलेल्या माणसालाच जागेवर उभं करा आणि मागच्या दोन इमारतींची रेषा धरायला सांगा. वाळूवर अंदाज सहज १० मीटरने चुकतो. १० बाय १० मीटरचा चौकोन आखा, १-१ मीटरवर दोऱ्या, आधी उभ्या पट्ट्या आणि मग आडव्या. पाण्यात असेल तर दगड बांधलेली रिकामी बाटली खूण म्हणून सोडा. पहिली ओहोटी चुकवू नका. लाटांनी ढवळलेल्या वाळूत जड वस्तू दर भरतीला खाली जाते.

मूस:
सोन्याच्या भागाबद्दल. संगमेश्वरला जे आहे ते बेसॉल्ट आणि त्यावर जांभा. सोनं येतं ते मुख्यतः जुन्या खडकांतल्या गारेच्या (क्वार्ट्झच्या) शिरांतून, कर्नाटकात हट्टी आणि २००१ मध्ये बंद झालेलं कोलार त्यामुळेच. महाराष्ट्रात सोन्याच्या नोंदी आहेत त्या पूर्व विदर्भात, नागपूर-भंडाऱ्याकडे. कोकणातल्या नदीत सोन्याची अपेक्षा ठेवून यंत्र निवडू नका.

जिथे नदीत खरंच सोनं आहे, झारखंडची सुवर्णरेखा किंवा केरळात निलंबूरजवळची चालियार, तिथेही ते इतकं बारीक असतं की डिटेक्टरला दिसत नाही. तिथे परातच लागते. सोन्याची घनता १९.३, मॅग्नेटाइटची सुमारे ५, साध्या वाळूची २.६. गाळ पाण्याखाली जोरात हलवून जड माल तळाला बसू द्यायचा, वरचा थर कडेने वाहू द्यायचा, शेवटी चमचाभर काळी वाळू उरते आणि सोनं असलंच तर तिच्या शेपटीला. झवेरी बाजाराची धूळ धुणारे झारेकरी हेच तत्त्व वापरतात.

डिटेक्टरने शोधायचं ते गोळीएवढं सोनं, आणि त्याची यंत्रं वेगळी. मायनलॅब गोल्ड मॉन्स्टर १००० हे ४५ किलोहर्ट्झचं, फिशर गोल्ड बग २ हे ७१ किलोहर्ट्झचं. फ्रिक्वेन्सी जितकी वर तितका बारीक कण दिसतो, आणि तितकंच मीठही. तीच यंत्रं जुहूच्या ओल्या वाळूवर नेली तर कान फाटतील. जांभ्यावर तर पल्सवालेही त्रासतात. लेजंड किंवा इक्विनॉक्स ९०० मध्ये गोल्ड मोड आहे, हौस म्हणून तेवढा पुरे.

अँटेनावाल्या यंत्राला हात लावू नका, कळकळीने सांगतो. १०० मीटरवरून सोन्याची दिशा दाखवणारं कोणतंही भौतिकशास्त्र नाही. तो दांडा सैल खुंटीवर बसवलेला असतो आणि मनगटाच्या नकळत झालेल्या हालचालीने फिरतो. विकणाऱ्याला एकच अट घाला: दहा सारख्या पेट्या, एकीत सोनं, कुठलीत ते विकणाऱ्यालाही माहीत नाही, वीस वेळा ओळखून दाखवा. गुप्तधनाच्या नादाने कर्ज काढून ही यंत्रं घेणारी कुटुंबं उद्ध्वस्त होतात.

सातबारा:
कायद्याचं आधीच नीट कळू द्या. जमिनीत दडलेली, १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं: काय, कुठे, कोणत्या तारखेला. न कळवल्यास आपला वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. १०० वर्षांहून जुन्या नाण्या-मूर्तींना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो. वसईसारख्या संरक्षित किल्ल्याच्या आवारात यंत्र नेऊच नका. सोन्याचा शोध घेण्यालाही १९५७ च्या खनिज कायद्याखाली परवाना लागतो, तेव्हा परात घेऊन बसण्याआधी चौकशी करा.

किनाऱ्यावरची कालपरवाची अंगठी ही ‘निधी’ नाही, ती कुणाची तरी आहे. मालक शोधायचा प्रयत्न न करता ठेवून घेतली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ लागू शकतं. सापडल्या जागेचा फोटो, तारीख, वेळ नोंदवा आणि जवळच्या पोलिस ठाण्यात पोच घेऊन जमा करा. कामाला लागण्याआधीही त्याच ठाण्यात एकदा जाऊन सांगा. अंधारात किनाऱ्यावर यंत्र फिरवणारा माणूस मुंबईत संशयास्पद दिसतो आणि ते रास्तच आहे. नौदल किंवा तटरक्षक दलाच्या हद्दीजवळ अजिबात नको. खणलेला प्रत्येक खड्डा बुजवा, संध्याकाळी तिथे मुलं धावतात.

रेतीचाळ:
गोराईखाडी, विकत घेण्याआधी एक चाचणी. विक्रेत्याला ओल्या वाळूवर प्रात्यक्षिक द्यायला सांगा, दुकानातल्या टेबलावर नको. काहीही न पुरता कॉइल लाटेच्या रेषेवर ठेवा आणि पाणी येऊ-जाऊ द्या. बीच मोडमध्ये, सेन्सिटिव्हिटी तीन-चतुर्थांशावर, पाणी कॉइलवरून जाताना यंत्र शांत राहिलं पाहिजे. मग दोरा बांधलेली तुमची सर्वात पातळ अंगठी २० सेंटीमीटरवर पुरून दोन्ही दिशांनी झोका घ्या. एकाच दिशेने वाजली तर तो होकार धरू नका. वॉरंटी कार्डावर अधिकृत डीलरचा शिक्का आणि यंत्रावरचाच सीरियल नंबर आहे का तेही तिथेच जुळवा; नकली इक्विनॉक्स बाजारात आहेत आणि त्यांचे सील पाण्यात टिकत नाहीत.